एकाच मळ्याची फ्रेंच व्हाइट वाइन आणि सेंद्रिय द्राक्षशेती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात. विचारणारे साधारण दोन तऱ्हेचे. एक म्हणजे दुकानात बाटलीवर ‘सिंगल विनयार्ड’ आणि ‘ऑरगॅनिक’ असे दोन शब्द वाचून गोंधळलेले. दुसरे निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार. त्यांना वाइनच्या चवीपेक्षा ‘फवारता काय?’ यात जास्त रस असतो. दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून सगळी उत्तरे शक्यतो एकाच मळ्याभोवती फिरती ठेवली आहेत. हा मळा म्हणजे फ्रान्सच्या ल्वार नदीकाठचा ‘कुले द सेराँ’. जे एका उत्तरात आले आहे ते दुसऱ्यात पुन्हा सांगितलेले नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘सिंगल विनयार्ड’ म्हणजे नेमके काय?

त्या बाटलीतली सगळी द्राक्षे नाव असलेल्या एकाच मळ्यातून आली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक वाइन अनेक बागांच्या द्राक्षांची एकत्र केलेली असते आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण कोकणातला माणूस जसा नुसते ‘हापूस’ म्हणून थांबत नाही, देवगडचा की रत्नागिरीचा, आणि देवगडात तरी कुणाच्या बागेतला, हे विचारतो, तसेच इथे आहे. ल्वार खोरे हा प्रदेश, त्यात आँजू, त्यात साव्हनिएर हे गाव आणि त्या गावात कुले द सेराँ हा उतार. जितके खाली उतराल तितके क्षेत्र लहान आणि नियम कडक होत जातात.

२. मग एका मळ्याची वाइन म्हणजे एकाच मालकाची का?

नाही, आणि हीच गल्लत सर्वांत जास्त होते. बरगंडीतला माँराशे हा मळा जेमतेम आठ हेक्टरांचा आहे, पण तो सुमारे दीड डझन मालकांत वाटलेला आहे. प्रत्येकाची वाइन वेगळी, किंमत वेगळी आणि लेबलवर नाव मात्र तेच. वारसांत जमीन वाटत गेली की काय होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

संपूर्ण मळा एकाच्याच हातात असेल तर फ्रेंच लोक त्याला ‘मोनोपोल’ म्हणतात. कुले द सेराँ तसा आहे. सुमारे सात हेक्टर, एकच मालक आणि वर त्या मळ्यापुरते स्वतंत्र ‘आपेलासियों’, म्हणजे आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखे कायद्याने राखलेले नाव. एकाच मालकाच्या एका मळ्यासाठी एक अख्खे मानांकन असण्याची उदाहरणे फ्रान्समध्येही मोजकीच आहेत. व्हाइट वाइनपुरते बोलायचे तर ऱ्होन खोऱ्यातले शातो-ग्रिये हे दुसरे उदाहरण.

३. कुले द सेराँ आहे तरी कुठे? आणि एवढे नाव कशामुळे?

पश्चिम फ्रान्समध्ये, आँजे शहराच्या नैर्ऋत्येला, ल्वारच्या उत्तर काठावर. ‘कुले’ म्हणजे नदीकडे उतरत जाणारी घळ. जमीन थराथराने फुटणाऱ्या शिस्ट खडकाची, माती पातळ आणि उतार दक्षिणेकडे तोंड करून. दक्षिणेचे ऊन आपल्याला नकोसे होते, पण त्या अक्षांशावर द्राक्ष पिकायला तेच लागते. काही भाग इतका तीव्र उताराचा आहे की ट्रॅक्टर चालत नाही. तिथे घोड्याने नांगरतात.

इथली पहिली लागवड सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या मठवासीयांनी ११३० साली केली असे सांगतात आणि तेव्हापासून इथे द्राक्षाशिवाय दुसरे पीक नाही. शेजारच्या कड्यावर ‘रोश ओ म्वान’ हा किल्ला होता. १२१४ साली इंग्लंडच्या जॉन राजाने त्याला वेढा घातला, पण फ्रेंच युवराज लुई चालून येताच त्याला वेढा सोडून निघून जावे लागले. आज ‘रोश ओ म्वान’ हेही वाइनचे एक मानांकन आहे.

कुर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या प्रसिद्ध खवय्याने फ्रान्सच्या पाच सर्वश्रेष्ठ व्हाइट वाइन्समध्ये कुले द सेराँला बसवले होते. हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. कुर्नोन्स्कीचा जन्म आँजेचाच होता, हे मात्र कुठल्याच पत्रकात नसते.

४. द्राक्षाचे वाण कोणते? आपल्याकडे मिळते का?

शेनिन ब्लाँ. आणि हो, नाशिककरांना ते चांगले परिचयाचे आहे. सुलाने २००० साली बाजारात आणलेल्या पहिल्या वाइन्सपैकी एक शेनिन ब्लाँचीच होती आणि आजही नाशिकमधल्या वाइनच्या बागांत हे वाण भरपूर आहे.

वाण तेच असले तरी वाइन अजिबात तीच नाही. ल्वारकाठी हिवाळ्यात एकच छाटणी असते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोड्या बाराची छाटणी अशा दोन कराव्या लागतात आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. तिकडे द्राक्ष थंडीकडे सरकत हळूहळू पिकते, इकडे उन्हाकडे सरकत भराभर. शेनिनचा मोठा गुण म्हणजे त्याची आम्लता. उष्ण हवेतही ती बऱ्यापैकी टिकते, म्हणून नाशिकला ते मानवले. आपल्याकडे शेनिनची वाइन बहुधा ताजी, फळांच्या वासाची, कधी किंचित गोडसर आणि वर्ष-दोन वर्षांत संपवायची. कुले द सेराँ दहा-वीस वर्षे ठेवायची.

५. ‘सेंद्रिय’ हा शब्द लेबलवर कोण लावू शकतो?

युरोपात हा शब्द कायद्याने राखलेला आहे. बाग सेंद्रिय पद्धतीने चालवायला घेतल्यानंतर पहिले सेंद्रिय पीक काढण्याआधी तीन वर्षांचा संक्रमणकाळ जावा लागतो. त्या काळात खर्च सेंद्रिय शेतीचा आणि भाव साध्या द्राक्षाचा, म्हणून अनेक जण इथेच माघार घेतात. पुढे दर वर्षी प्रमाणन संस्थेची तपासणी होते. बाटलीवर युरोपीय संघाचे ताऱ्यांचे हिरवे पान असते, फ्रान्समध्ये त्याच्या जोडीला ‘आ-बे’ हे जुने चिन्हही दिसते.

एक बारकावा. २०१२ पर्यंत युरोपात ‘सेंद्रिय वाइन’ असा शब्दच लावता येत नव्हता, फक्त ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ असे लिहावे लागे, कारण नियम मळ्यापुरते होते. वाइन तयार करण्याच्या कृतीचे नियम २०१२ पासून लागू झाले. त्यामुळे जुन्या बाटलीवर हिरवे पान नसेल तर ती खोटी ठरत नाही.

६. सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही, बरोबर?

चूक. सेंद्रिय बागेत फवारण्या होतात आणि पावसाळी वर्षी साध्या बागेपेक्षा जास्तही होतात.

कारण डावणी हा वेलीवरचा बुरशीसारखा रोग. युरोपच्या वेलीला हा रोग ठाऊकच नव्हता. तो अमेरिकेतून आला आणि १८७८ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा आढळला. १८८५ च्या सुमारास बोर्दोचे प्राध्यापक मिलार्दे यांनी मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे मिश्रण उपाय म्हणून जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. मेदॉक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी घड चोरू नयेत म्हणून हे निळे-हिरवे पाणी शिंपडत आणि त्याच वेली रोगातून वाचलेल्या मिलार्देंना दिसल्या. आपले बागायतदार आजही तेच मिश्रण ढवळतात, पण त्यातल्या ‘बोर्डो’ला गाव चिकटलेले आहे हे कितीकांना माहीत असते?

सेंद्रिय बागेत डावणीसाठी तांबे आणि भुरी या बुरशीरोगासाठी गंधक चालते. दोन्ही पानाच्या वर बसणारी औषधे, पानात शिरणारी नाहीत. मोठा पाऊस झाला की धुऊन जातात आणि पुन्हा पाठीवर पंप घ्यावा लागतो. जोडीला बिच्छू बूटी (नेटल) आणि एक्विझेटम या वनस्पतींचे काढे वापरतात, पण जोरदार डावणीपुढे नुसत्या काढ्यावर बाग वाचवली असे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

७. पण तांबे तर जड धातू. ते सेंद्रिय कसे?

प्रश्न अगदी रास्त आहे आणि सेंद्रियवाल्यांना तो अडचणीत आणतो. तांबे विघटित होत नाही. मातीच्या वरच्या थरात साठत जाते आणि प्रमाण वाढले की गांडुळांना व सूक्ष्मजीवांना त्रास होतो. शंभर-सव्वाशे वर्षे बोर्डो मारलेल्या जुन्या फ्रेंच मळ्यांत हा साठा आजही आहे, मग आजचा मालक सेंद्रिय असो की नसो.

म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून मर्यादा घातली: सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबे. म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, पण हिशेब सात वर्षांचा असल्याने ओल्या वर्षी थोडे जास्त आणि कोरड्या वर्षी कमी अशी तडजोड करता येते. लक्षात घ्या, हे मोजमाप शुद्ध तांब्याचे आहे. मोरचुदात तांबे साधारण पाव हिस्साच असते.

माझे मत विचाराल तर तांब्याला सेंद्रिय म्हणणे ही सोय आहे, तत्त्व नाही. त्याची जागा घेईल असे काही हाती नाही, म्हणून ते चालवून घेतले आहे.

८. आमच्याकडे ‘रेसिड्यू फ्री’ द्राक्षे असतात. तीच सेंद्रिय ना?

नाही. ‘रेसिड्यू फ्री’ म्हणजे काढणीच्या वेळी मण्यात औषधाचा अंश मर्यादेच्या आत किंवा न सापडण्याइतका. हंगामात रासायनिक औषध वापरले असू शकते, फक्त काढणीपूर्व कालावधी पाळलेला असतो. सेंद्रियमध्ये ते औषध बागेत येताच कामा नये, अंश राहो वा न राहो. पहिल्यात घड तपासतात, दुसऱ्यात सगळी रीत.

२०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा नाशिक-सांगलीकडच्या लोकांना ‘अंश’ हा शब्द कायमचा पाठ झाला. म्हणूनच कदाचित आपल्याकडे सेंद्रिय म्हटले की आधी प्रयोगशाळेचा अहवाल डोळ्यांपुढे येतो.

९. बायोडायनॅमिक म्हणजे सेंद्रियच्या पुढची पायरी का?

आधार सेंद्रियचाच, त्यावर एक वेगळी विचारसरणी. तिचे मूळ ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली कोबरविट्झ (आता पोलंडमध्ये) इथे दिलेल्या व्याख्यानांत आहे. शेत हा एक सजीव, आपल्यापुरता पूर्ण घटक, ही मुख्य कल्पना. त्यातून आलेली सर्वांत प्रसिद्ध कृती म्हणजे शिंगखत: गाईच्या शिंगात शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरायचे, वसंतात काढायचे, मूठ-दीड मूठ खत पाण्यात तासभर एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने भोवरा करत ढवळायचे आणि हेक्टरभर शिंपडायचे. गारगोटीच्या भुकटीचे शिंग याच्या उलट, म्हणजे उन्हाळ्यात पुरतात. शिवाय बाबूना (कॅमोमाइल), बिच्छू बूटी, ओकची साल असे घटक घालून कंपोस्ट करतात.

कुले द सेराँचे निकोला जोली हे या पद्धतीचे फ्रान्समधले सर्वांत बोलके पुरस्कर्ते. आधी ते न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये बँकेत होते. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते घरच्या मळ्यावर परतले. त्यांनी स्वतः सांगितलेली हकीगत अशी: शेती खात्याच्या माणसाच्या सल्ल्याने तणनाशक वापरले, पैसे वाचले, पण दोन वर्षांत मातीचा रंग बदलला आणि बागेतले तित्तिर दिसेनासे झाले. १९८० च्या सुमारास त्यांनी थोड्या भागावर प्रयोग केला आणि १९८४ पासून सगळा मळा बायोडायनॅमिक केला. आता त्यांची मुलगी व्हिर्जिनी सूत्रे पाहते.

१०. याला शास्त्रीय आधार आहे का?

सेंद्रिय भागाला आहे. तणनाशक थांबवले, जनावरांचे शेणखत घातले, ओळींत गवत राखले की मातीतले जीवन सुधारते, हे मोजता येते. शिंगखताचा त्याहून वेगळा परिणाम होतो, असे पटण्याजोगे पुरावे नाहीत. चंद्र पाहून बागेची कामे ठरवण्याच्या बायोडायनॅमिक दिनदर्शिकेचेही तसेच. तरी हसण्याआधी आठवावे की आपल्याकडे कपाशीवर बोंडअळीची फवारणी अमावास्या बघून करणारे कमी नाहीत. त्यामागे निदान पतंगांच्या अंडी घालण्याचा हिशेब तरी असतो.

मला वाटते खरी गोष्ट वेगळी आहे. जो माणूस तासभर पाणी ढवळायला तयार असतो, तो रोज बागेत फिरतो. डावणीचा पहिला तेलकट डाग त्याला इतरांच्या चार दिवस आधी दिसतो. श्रेय शिंगाला जाते.

११. एकरी किती माल निघतो?

हा प्रश्न फक्त शेतकरीच विचारतात, आणि उत्तर ऐकून गप्प होतात. कुले द सेराँमध्ये हेक्टरी २० ते २५ हेक्टोलिटर (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) वाइन होते. द्राक्षांत सांगायचे तर एकरी जेमतेम सव्वा ते दीड टन. खायच्या द्राक्षाला एकरी दहा टनांची भाषा बोलणाऱ्याला हे बाग वाया गेल्यासारखे वाटते. पातळ माती, जुन्या वेली आणि काटेकोर निवड ही त्याची कारणे. काढणीही एका दमात होत नाही. शेनिनचे घड पुढे-मागे पिकतात, म्हणून काही आठवड्यांत चार-पाच वेळा बागेत फिरून पिकलेले तेवढेच काढतात. सगळे मिळून वर्षाला साधारण वीस हजार बाटल्या. भाव इतका का, याचे उत्तर इथेच आहे. भारतात त्यावर आयात शुल्क आणि राज्याचे कर चढतात ते वेगळे.

१२. चव कशी असते? मी उघडली तर गढूळ-पिवळी आणि सफरचंद चिरून ठेवल्यासारखा वास. खराब होती का?

कदाचित नसावी. ही वाइन रंगाने गडद सोनेरी असते. मध, मेण, पिकलेले बिही, वाळवलेली जर्दाळू आणि ओल्या दगडासारखा एक कोरडा शेवट. गोड वास येतो, पण वाइन कोरडी असते. इथे बरेच जण फसतात. मद्यांश १४ टक्क्यांच्या वरही जातो. किण्वन द्राक्षाच्या सालीवरच्या आपोआप आलेल्या यीस्टने होते, पिंपे बहुतेक जुनी. उघडल्या उघडल्या ती बोलत नाही. मळ्याचा स्वतःचा सल्ला आदल्या दिवशी उघडून ठेवण्याचा आहे. फ्रिजमधून थेट ग्लासात ओतलीत तर पैसे वाया. साधारण १४ अंशांवर चांगली लागते.

मात्र टीकाही खरी आहे. काही वर्षांच्या बाटल्या हवा लागून थकलेल्या वाटतात आणि एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांत फरक पडतो, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी चाखलेल्या मोजक्या ग्लासांपैकी एक अविस्मरणीय होता आणि एक शिळा. सेंद्रिय किंवा एका मळ्याची असणे ही चवीची हमी नव्हे.

१३. सोबत काय खावे?

तिकडे ल्वारमधला ‘सांद्र’ नावाचा मासा, लोणी-कांद्याच्या आंबट सॉससोबत. आपल्या ताटातले विचाराल तर कमी तिखटाचे, नारळाच्या रसातले पापलेट. तांबड्या रश्श्यासमोर तिला बसवू नका, दोघांचाही अपमान होतो.

१४. सेंद्रिय वाइनमध्ये सल्फाइट नसते ना? मला डोके दुखते.

असते. सल्फाइट म्हणजे वाइन टिकावी म्हणून घातले जाणारे गंधकाचे संयुग. सेंद्रिय वाइनला मर्यादा कमी आहे एवढेच. कोरड्या व्हाइट वाइनमध्ये नेहमीच्या वाइनला लिटरमागे २०० मिलिग्रॅम, सेंद्रियला १५०. थोडे सल्फाइट तर यीस्ट स्वतःच तयार करते, त्यामुळे ‘शून्य’ जवळपास अशक्य. डोकेदुखीचे कारण बहुतेकदा दुसरेच असते, पहिला संशय मद्यावर आणि कमी प्यायलेल्या पाण्यावर घ्या. गंधकाची धुरी दिलेला पिवळाधमक बेदाणा किंवा केशरी जर्दाळू मूठभर खाऊन काही होत नसेल, तर सल्फाइट तुमचा शत्रू नाही. दम्याच्या रुग्णांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

१५. सेंद्रिय म्हणजे शाकाहारी तरी असेल?

गृहीत धरू नका. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा, दुधातले केसीन, जिलेटिन, माशाच्या पिशवीपासूनचा पदार्थ हे सगळे सेंद्रिय नियमांत चालते. बेंटोनाइट नावाची मातीही चालते आणि अनेक जण तीच वापरतात. अंडे व दूध यांचा अंश राहिला तर युरोपात लेबलवर लिहावे लागते, माशाबद्दल तसे बंधन नाही. कडक शाकाहारी असाल तर ‘व्हिगन’ चिन्ह शोधा. आणि बायोडायनॅमिक असेल तर प्रश्न ९ मधले शिंग आठवा. ते मेलेल्या गाईचे असते. बाटलीत ते येत नाही, पण काहींना तेवढेही पुरते.

१६. फ्रेंच सेंद्रिय वेली स्वतःच्या मुळांवर असतात का? कलम तर नैसर्गिक नाही.

जवळजवळ सगळ्या कलमीच. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने फ्रेंच बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय एकच निघाला, अमेरिकी खुंटावर फ्रेंच डोळा. सेंद्रिय नियमांना कलमाचे वावडे नाही. आपल्याकडे डॉगरिज खुंट घेतात तो मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईसाठी. कारण वेगळे, युक्ती तीच.

१७. सगळे गाव रासायनिक आणि मधला एकच मळा सेंद्रिय. शेजारच्याची फवारणी वाऱ्याने आली तर?

छोट्या मळ्याची ही खरी दुखरी नस. तपासणी संस्था बांधाकडे धोका किती हे पाहते. त्यानुसार मधे झाडांची ओळ किंवा मोकळी पट्टी ठेवावी लागते. कडेच्या एक-दोन ओळींचा माल वेगळा काढून साधा म्हणून विकणारेही आहेत. सात हेक्टरांत कडेच्या ओळी हा लहान आकडा नाही. ज्याचा मळा घळीत, भोवती स्वतःचीच झाडी आणि कुरणे, तो सुखी. कुले द सेराँच्या मालकीत गाई-मेंढ्यांसाठी जागा राखलेली आहे, तिचा हाही एक उपयोग.

१८. एखाद्या वर्षी डावणी हाताबाहेर गेली आणि एकदाच रासायनिक औषध मारले तर चालते का?

नाही. आजारी जनावराला ठरावीक अटींवर औषध देण्याची मुभा सेंद्रिय नियमांत आहे, वेलीला तशी सवलत नाही. पानात शिरणारे औषध एकदा मारले की त्या तुकड्याचे प्रमाणपत्र जाते आणि सहसा प्रश्न ५ मधली तीन वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. मळा एकच असेल तर त्या नावाची सेंद्रिय बाटली तेवढी वर्षे निघणार नाही. दुसऱ्या मळ्याची द्राक्षे आणून भर घालावी म्हटले, तर प्रश्न १ आडवा येतो. म्हणून २०२४ सारख्या ओल्या वर्षी ल्वारच्या काही सेंद्रिय बागायतदारांनी डोळ्यांदेखत घड वाळू दिले, उरले तेवढे वेचले आणि पुढच्या छाटणीला लागले.